गोल्फचं स्विंग प्लेन सुधारायचंय? आधी उभे कसे राहता ते बघा

रेंजवर (गोल्फच्या सरावाच्या मैदानावर) कुणाचा बॉल उजवीकडे वळत गेला की शेजारून सल्ला येतोच, "ओव्हर द टॉप येताय, प्लेन चुकतंय." प्लेन म्हणजे क्लब (गोल्फची स्टिक) ज्या तिरक्या पातळीवरून फिरतो ती. असेलही चुकत, पण बऱ्याचदा त्याचं मूळ उभं राहण्यात असतं आणि ते न बघता माणूस महिनोन्‌महिने बॅकस्विंगशी (क्लब मागे-वर नेण्याशी) झटापट करत बसतो. म्हणून इथे आधी अलाइनमेंट (उभं राहण्याची दिशा) बघू, मग प्लेन. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा.

होतं काय, की आपण पावलांची रेषा थेट फ्लॅगवर (होलमधल्या झेंड्यावर) लावतो, पण बॉल तर पायांपासून दोन-अडीच फूट लांब असतो, त्यामुळे त्याच्याकडे बघत सरकत सरकत शेवटी आपलं अख्खं अंग टार्गेटच्या उजवीकडे तोंड करून उभं राहतं. डोळ्यांना मात्र माहीत असतं फ्लॅग कुठे आहे ते. मग डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) खांदे आपोआप क्लबला डावीकडे ओढतात, तो बॉलवर बाहेरच्या बाजूने येतो, आणि हेच ते ओव्हर द टॉप! खरं तर पावलांची रेषा टार्गेट लाइनला (बॉलपासून टार्गेटपर्यंतच्या रेषेला) समांतर हवी, म्हणजे फ्लॅग 100 यार्डांवर असो नाहीतर 200, ती त्याच्या डावीकडून फक्त दोन-अडीच फुटांवरूनच जाते. 150 यार्डांवर 1 अंशाची चूक म्हणजे साधारण 2.6 यार्ड, 5 अंशांची 13 यार्ड, म्हणजे ग्रीनऐवजी (होलभोवतीच्या बारीक गवताऐवजी) सरळ बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा.

तर दोन काठ्या घ्या. अलाइनमेंट स्टिक विकत मिळतात, नाहीतर इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसी पाईप चार-चार फुटांचा कापून आणा, काम तेच होतं. बॉलच्या मागे उभं राहून टार्गेट बघा आणि त्या रेषेवर बॉलच्या पुढे फूट-दीड फुटावर एखादं पान नाहीतर जुना डिव्हॉट (क्लबने गवत उखडलेली जागा) हेरा (दिग्गज गोल्फपटू जॅक निकलसची ही सवय प्रसिद्धच आहे). एक काठी बॉलच्या पलीकडे त्या रेषेला धरून, दुसरी बुटांच्या टोकांशी, दोन्ही समांतर. आधी क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) त्या खुणेवर लावा, पाय नंतर. आता क्लब छातीवर आडवा धरून खांद्यांची रेषा तपासा, कारण पाय बरोबर असून खांदे उघडे (टार्गेटच्या डावीकडे वळलेले) असणं फारच कॉमन आहे. बॉल डाव्या पायाकडे जास्त सरकला की असं होतं, आणि उजवा हात ग्रिपवर (क्लबच्या मुठीवर) खाली असल्यामुळे उजवा खांदा तसाही पुढे यायला बघतोच. आणि हो, रेंजवरच्या मॅटच्या कडेवर भरवसा ठेवू नका! मॅट कुणीतरी कशीही टाकलेली असते, टार्गेट तिसरीकडेच असतं.

आता प्लेन. गोल्फपटू बेन होगनने 1957 मध्ये बॉलपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली काच डोळ्यांसमोर आणून दिली होती, बॅकस्विंगमध्ये हात त्या काचेखाली राहायला हवेत असं. आज बरेच कोच ॲड्रेसच्या वेळी (मारण्याआधी बॉलपाशी उभं राहताना) शाफ्ट (क्लबचा दांडा) ज्या कोनात असतो तीच रेषा पाया म्हणून धरतात. ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) साधारण 45 इंच लांब, सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) 37 च्या आसपास, त्यामुळे ड्रायव्हरला तुम्ही लांब उभे राहता आणि प्लेन आडवं होतं, आयर्नला उभं. दोन्हीकडे एकच प्लेन शोधायला जाऊ नका.

तपासायला मोबाईल लागेल. तो कंबरेच्या उंचीवर, तुमच्या मागे, टार्गेट लाइनला समांतर, हातांच्या रेषेत ठेवा. जरा जरी इकडे-तिकडे सरकवलात तर चांगलं स्विंगसुद्धा व्हिडिओत वाकडं दिसतं, आणि लोक त्यावरून स्विंग बदलायला घेतात ही खरी गंमत. मग सावकाश स्विंग करत दोन जागी थांबा. शाफ्ट कंबरेशी जमिनीला समांतर झाला की तो पायांजवळच्या काठीलाही समांतर हवा, आत ओढला गेला की पुढे सगळं सावरतच बसावं लागतं. डावा हात जमिनीला समांतर झाला की ग्रिपचं टोक साधारण बॉलच्या रेषेकडे बघतंय का ते पाहा: बुटांकडे बघत असेल तर स्विंग फार उभं, बॉलच्या बरंच पलीकडे असेल तर फार आडवं.

वर जाताना थोडं इकडे-तिकडे झालं तर जीव टांगणीला लावू नका. गोल्फपटू जिम फ्युरिकचा बॅकस्विंग बघा, क्लब वर कुठेतरी फिरून येतो, तरी त्याने 2003 चं यूएस ओपन जिंकलं आणि 2016 मध्ये पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत एका राउंडमध्ये फक्त 58 स्ट्रोक मारले, कारण खाली येताना तो बरोबर रुळावर असतो. डाउनस्विंगसाठी जुना उपाय म्हणजे हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरची टोपी) बॉलच्या पलीकडे चार-पाच बोटं अंतरावर आणि थोडं मागे ठेवायचं, बाहेरून आलात की ते उडणार. सुरुवातीला अर्ध्या जोरानेच मारा.

बॉलवरून निदान करताना एक लक्षात ठेवा, आयर्नला बॉल कुठे सुटतो त्याच्या जवळपास तीन-चतुर्थांश भाग फेस ठरवतो, ड्रायव्हरला त्याहून जास्त, आणि वळण ठरतं फेस आणि पाथ (बॉलला लागताना क्लब ज्या दिशेने जातो ती) यांच्यातल्या फरकावर. डावीकडे सुटून उजवीकडे वळला तर पाथ फेसपेक्षाही डावीकडे आहे, इथे आधी खांदे बघा. उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे गेला तर आधी ग्रिप (क्लबची पकड) आणि फेस बघा, प्लेन नंतर. डिव्हॉट जरासा डावीकडे दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, आयर्न बॉलला खाली येता येता लागतं आणि डिव्हॉट त्यानंतर पडतो, तोवर क्लब आत वळायला लागलेला असतो.

काठ्या फक्त प्रॅक्टिसला हं. राउंडमध्ये रेषेसाठी जमिनीवर काठी किंवा क्लब ठेवून स्टान्स घेतलात (मारायला उभे राहिलात) की पेनल्टी, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळताना) 2 स्ट्रोक, आणि मग मागे होऊन ती उचलली तरी सुटका नाही. बॉलपुढची खूण हेरायला मात्र कुणी अडवत नाही.