ॲपॉस्ट्रॉफी शिंपडू नका: इंग्रजी पत्रांतल्या या चुका टाळा

शब्दाच्या शेवटी एस दिसला की त्याच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी (’ ही वरची खूण) ठोकायची, ही खोड नागपुरात धरमपेठेतल्या पाट्यांपासून हिंगणा एमआयडीसीतल्या कोटेशनपर्यंत सगळीकडे आहे.

सगळ्यात जुनं दुखणं ‘इट्स’चं. ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ आखडून लिहिलं असेल तरच तिथे ॲपॉस्ट्रॉफी येते. ‘त्याचं’ या अर्थाने येत नाही. ‘हिज’ला कोणी लावतं का? हर्स, अवर्स, युवर्स, देअर्स त्याच घरातले.

हिंगण्याच्या एका कारखान्याचं टेंडर माझ्याकडे तपासायला आलं, तेही शेवटच्या संध्याकाळी. साहेबांनी बजावलं होतं, आखूड रूपं नकोत. तिथल्या पोराने ‘फाइंड अँड रिप्लेस’ लावून ॲपॉस्ट्रॉफीवाल्या प्रत्येक ‘इट्स’चं ‘इट इज’ करून टाकलं. मुळात निम्म्या जागी ती ॲपॉस्ट्रॉफीच चुकीची! मग काय, ‘द मशीन अँड इट इज स्पेअर पार्ट्स’. ‘इट्स बीन टेस्टेड’चं झालं ‘इट इज बीन टेस्टेड’; हवं होतं ‘इट हॅज’. वर म्हणतो कसा, “दोन मिनिटांत झालं सर!” निस्तरता निस्तरता रात्रीचे अकरा वाजले. वाचायचा कंटाळा असलेल्यांनी टेंडरला हात लावू नये, राजेहो.

मी प्रिंट काढतो, प्रत्येक ‘इट्स’भोवती लाल गोल करतो आणि तिथे ‘इट इज’, मग ‘इट हॅज’ मोठ्याने वाचतो. दोन्ही अडखळलं की ॲपॉस्ट्रॉफी उडवायची. मोबाइलवर लिहिलेला मजकूर तर दोनदा बघतो, कारण मोबाइल आपल्या मनानेच ती घुसडतो.

करार, नोटीस, टेंडर यांत ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ नकोच. ‘कान्ट’मधला शेवटचा टी टायपिंगमध्ये गळला तर नकाराचा होकार होतो. पूर्ण लिहा, आणि ‘कॅनॉट’ एकच शब्द, मध्ये जागा सोडू नका. सहकाऱ्याच्या मेलमध्ये मात्र ‘आय विल’चं ‘आय्ल’ खुशाल चालतं. तिथे उगाच कोर्टाची भाषा कशाला?

‘शुड ऑफ’ असं काही नसतं, ते ‘शुड हॅव’.

पीडीएफ, सीव्ही, इन्व्हॉइस यांचं अनेकवचन नुसत्या एसने होतं. 1990 चं दशक लिहितानाही आकड्यापुढे नुसता एस.

‘मास्टर्स डिग्री’त ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. पुण्यात नोकरी लागली की राजीनामे धडाधड येतात, तेव्हा एवढं बघा: एका महिन्याची नोटीस असेल तर ‘मंथ’नंतर ॲपॉस्ट्रॉफी आणि मग एस, दोन महिन्यांची असेल तर आधी एस, मग ॲपॉस्ट्रॉफी.