पडद्याविना शॉक ट्यूब: मे महिन्यात अडकलेला पिस्टन

आमचं कॉलेज यवतमाळकडच्या एका खेड्याला लागून आहे. पंखछेदावर (विमानाच्या पंखाच्या आडव्या छेदाच्या आकारावर) ध्वनिवेगाच्या आसपासचा प्रवाह बघायचा म्हणून आम्ही शॉक ट्यूब बांधली. ही एक नळी असते: एका बाजूला जास्त दाबाची हवा, दुसऱ्या बाजूला कमी दाबाची; मधला अडसर झटकन उघडला की आघातलहर, म्हणजे शॉक, नळीतून धावतो. आधी अडसर म्हणून अॅल्युमिनियमचा पडदा लावून तो फोडायचो, पण दर वेळी तुकडे उडून मॉडेलला ओरखडे पडत, आणि पडदा कधीच सारखा फाटत नसे. म्हणून पडद्याऐवजी नायलॉनचा पिस्टन बसवला. त्याच्या मागची हवा झटकन सोडली की तो मागे सरकतो आणि नळीचं तोंड उघडतं.

गणित सोपं आहे. शॉक माख 2 चा, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाचा, मिळाला की त्याच्या मागची हवा साधारण माख 0.96 ने वाहते. त्यासाठी दोन्ही बाजूंना हवाच असेल, तर दाबाचं गुणोत्तर 34 च्या आसपास लागतं. हिवाळ्यात ते जमलं. मे महिन्यात मात्र तेवढ्याच दाबावर शॉक माख 1.7 च्या पुढे जाईना. 50 सेंटिमीटरवरच्या दोन सेन्सरांमधला वेळ 0.70 ऐवजी 0.83 मिलिसेकंद येई.

आठवडाभर मी गळती शोधली. शेवटी लेथवाल्या भाऊंनी पिस्टन हातात घेतला न् म्हणाले, "सर, उन्हानं फुगलं ना हे!" खरंच होतं. 60 मिलिमीटर व्यासाचं नायलॉन 20 अंशांत जवळपास 0.1 मिलिमीटर वाढतं, आणि मी मोकळी जागा तेवढीच ठेवली होती. पिस्टन घासत, हळू उघडत होता, म्हणून शॉक कमकुवत पडत होता.

भाऊंनी व्यास 0.2 मिलिमीटरने उतरवला, सीलिंगचं काम ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) सोपवलं. मागे हवा झटकन बाहेर सोडणारा क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्हही लावला. दुपारी 42 अंशांत सलग दहा फायर केले: दहाही वेळा 0.70.