ऐंशीला गाडी थरथरते? शाफ्ट उतरवण्याआधी या चुका टाळा

निपाणीहून बेळगावकडे येताना गाडी सत्तरपर्यंत गपगुमान चालते, ८० ला बुडाखाली थरथर सुरू होते आणि ९० ला पुन्हा शांत. जुनी अँबॅसडर, पद्मिनी किंवा महिंद्राची जीप बाळगणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची आहे. सल्लाही ठरलेला मिळतो : "अलायमेंट करून घ्या की."

पहिली चूक हीच. अलायमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेनं झिजतो. ठरावीक वेगालाच येणारी थरथर त्यातून सहसा येत नाही. ती येते फिरणाऱ्या भागातून, आणि कोणता भाग हे बरंचसं पैसे खर्चण्याआधी कळू शकतं.

८० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण ११ फेरे मारतं. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) साडेचारच्या आसपास धरला, तर त्याच वेळी प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअर बॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा फिरता दांडा, सेकंदाला सुमारे ५०, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे घेत असतो. म्हणून चाकाचा हादरा जाड, सुटा लागतो. पुढच्या चाकाचा असेल तर स्टिअरिंगवर, मागच्या चाकाचा असेल तर सीटखाली. शाफ्टची थरथर बारीक आणि सलग असते, आरशातलं चित्र पुसट होतं. क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) कोन चुकला तर एका फेऱ्यात दोन झटके बसतात. ते हाताला कमी आणि कानाला जास्त जाणवतात, घूंऽऽ असे.

दुसरी चूक टॉप गिअरमध्येच सगळी परीक्षा घेण्याची. चार गिअरच्या या गाड्यांत टॉप म्हणजे सरळ जोड, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. मग दोष कुणाचा ते कसं कळणार? थरथर सुरू झाली की क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) खाली येऊनही थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष सुटले. थांबली, तर लगेच इंजिनावर आळ घेऊ नका, कारण न्यूट्रलला शाफ्टवरचा ताणही जातो. गाडी उभी करून तेवढंच आरपीएम द्या. उभ्या गाडीत हादरत नसेल, पण चढाला ओढताना हादरत असेल, तर माउंटिंग (इंजिन-गिअर बॉक्सखालची रबरं), क्रॉस आणि शाफ्टचे कोन तपासायचे. न्यूट्रलची परीक्षा धारवाडकडच्या सरळ रस्त्यावर, मागं वाहन नाही हे बघून करावी. वंटमुरी घाटाच्या उतारावर चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी न्यूट्रल करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

फुकटच्या गोष्टी आधी बघा. खानापूर-जांबोटीकडची लाल माती असो की बैलहोंगलकडची काळी रेगड, पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि तिथंच वाळते. सर्व्हिसिंगला अंडरकोटिंग मारताना शाफ्टवर उडालेला थरही तोल घालवतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे टायर खाली चपटे होतात. टायरची नक्षी शाबूत म्हणून टायर चांगला समजू नका, बाजूचे चार आकडे वाचा : २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. मागची चाकं पुढं घेतल्यावर थरथर सीटवरून स्टिअरिंगवर आली, तर शाफ्टला हात लावायचं कारणच नाही.

गाडी जॅकवर चढवून, मागची हौसिंग (ॲक्सल आणि डिफरन्शियलचं कवच) लोंबकळत ठेवून गिअरमध्ये पळवणं धोक्याचं आहे आणि खोटंही. हौसिंग लोंबली की शाफ्टचा कोनच बदलतो, मग नसलेला हादरा दिसतो. स्टँड हौसिंगखालीच लावा.

आता शाफ्ट. खरं नुकसान होतं ते खोलताना. शाफ्ट जोडणाऱ्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, पंचची किंवा पांढऱ्या पेंटची खूण न करता बोल्ट काढले, स्लाइडिंग जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) दोन-चार दात इकडंतिकडं बसला, की दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत राहत नाहीत. मग एका क्रॉसचा झटका दुसरा खोडून काढत नाही, आणि आधी किरकोळ असलेली थरथर दुप्पट होऊन परत येते. नवा क्रॉस हातोडीनं ठोकून बसवला तर कपातली बेअरिंगची सुई आडवी पडते. बसवलेला क्रॉस हातानं चारही दिशांना सारखा फिरला पाहिजे, कुठं अडकला तर पुन्हा काढा.

आपल्याकडे आणखी एक खास प्रकार आहे. वऱ्हाड आणि ओझं म्हणून मागच्या स्प्रिंगला जादा पाटा घालायचा! गाडी मागून उचलते, पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या दातेरी चाकाचा) कोन बदलतो, आणि दोष क्रॉसच्या नावावर जातो. गाडी चाकांवर, नेहमीच्या वजनात उभी करून मोबाइलच्या लेव्हलनं तीन कोन घ्या : गिअर बॉक्स, शाफ्ट, पिनियन. शाफ्टचा दोन्हींशी होणारा कोन साधारण ३ अंशांच्या आत आणि एकमेकांशी अंशभराच्या फरकात हवा. त्यासाठी पाट्याखाली पाचर घालण्याआधी गिअर बॉक्सचं रबर माउंटिंग मात्र पाहा. तेल पिऊन ते बसलेलं असेल, तर पाचर चुकीच्या टोकाला घातली जाते.

शाफ्टची वाक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर डायल गेज लावून बघता येते. मधोमध अर्ध्या मिलिमीटरच्या वर वाक निघाली तर बॅलन्सिंगच्या आधी शाफ्ट सरळ करणं आलं. वाक नसेल आणि वजनाची वेल्ड केलेली पट्टी गळून पडल्याची खूण दिसत असेल, तर डिफरन्शियलच्या टोकाजवळ एक होज क्लॅम्प (पाइप आवळायची स्क्रूवाली पट्टी) आवळा, रस्त्यावर बघा, मग क्लॅम्प सैल करून त्याचा स्क्रू शाफ्टभोवती पाव फेरा सरकवून पुन्हा बघा. एखाद्या जागी थरथर स्पष्ट कमी झाली, तर तोल शाफ्टचाच गेलाय. शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर द्यायचा. क्लॅम्प मात्र कायमचा ठेवू नका. सुटला तर हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप तिथंच जवळ असतात.