क्रूझवर नोकरीला जाताय? वादळात जहाज काय करतं ते आधी समजून घ्या

हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर निघालेली मुलं-मुली भेटली की पगार आणि कॉन्ट्रॅक्टचे महिने विचारून होतात. मग घरच्यांच्या वतीने खरा प्रश्न येतो: "ताई, वादळ आलं तर?"

मुंबईकरांना तौक्ते चक्रीवादळ विसरता येत नाही. १७ मे २०२१ रोजी पी-३०५ ही बार्ज, म्हणजे कामगारांना राहायला असलेली सपाट तळाची तरंगती नौका, अरबी समुद्रात बुडाली. आई-वडील घाबरतात ते उगाच नाही. पण त्या बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर सुटल्यावर ती लाटांच्या हवाली झाली. क्रूझ जहाज वादळाच्या वाटेतून बाजूला होऊ शकतं. उष्ण प्रदेशातलं चक्रीवादळ बहुधा सायकलच्या वेगाने पुढे सरकतं. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने जातं. कॅप्टनकडे हवामानाचा अंदाज सतत येत असतो, त्यावरून मार्ग बदलतो, कधी एखादं बंदर गाळलं जातं. प्रवासी चिडतात आणि तो राग रिसेप्शनवर तुम्हालाच ऐकून घ्यावा लागतो. शांतपणे ऐका, कारण तो निर्णय बरोबर असतो.

तरीही खवळलेला समुद्र भेटतोच. इतकं उंच जहाज कलंडत नाही, कारण इंजिन, इंधन, पाण्याच्या टाक्या असं सगळं जड सामान तळाशी असतं. दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख निघतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होतं, त्यावर मात्र त्यांचा इलाज नाही. म्हणून पुढच्या बाजूच्या केबिनमध्ये जास्त त्रास होतो, आणि क्रूच्या कितीतरी केबिन तिथेच असतात. आलं, कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद जवळ ठेवा. उपाशी राहू नका.

अशा वेळी आमचं काम वाढतं. उघडे डेक बंद होतात, पूल रिकामा करतात, खुर्च्या बांधतात, ताटं सरकू नयेत म्हणून टेबलक्लॉथ ओला करतात. चालताना एक हात कठड्यावर हवाच. वॉटरटाइट, म्हणजे पाणी अडवणारं दार सरकत असताना त्यातून कधीही जाऊ नका. ते माणसासाठी थांबत नाही.

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमण्याचा सराव. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेली नव्हती. आता ही ड्रिल जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं बंधनकारक आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकू आला की वेटर वेटर राहत नाही. कुणी जिन्यावर उभं राहून लोकांना वाट दाखवतं, कुणी हजेरी घेतं, कुणी लाइफबोटीवर जातं. तुमची जागा मस्टर लिस्टवर, म्हणजे संकटात कुणी कुठे जायचं आणि काय करायचं त्या यादीवर, आधीच लिहिलेली असते. ती पहिल्याच दिवशी पायी जाऊन बघा, दिवे गेले तरी सापडेल इतकी पाठ करा.

म्हणून एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचे, बेसिक कोर्स सर्टिफिकेटपुरते उरकू नका. आग विझवणं, पाण्यात तगून राहणं, प्रथमोपचार हे हातांनी करून शिका. पोहता येत नसेल तर आत्ताच शिका. कोर्ससाठी डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक विभागाची, मान्यता असलेलीच संस्था निवडा. आणि एजंटचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करण्याचा, परवाना डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे मागणं बेकायदा आहे, मागितले तर तिथूनच परत फिरा.