घरी गिटार घडवताय? ब्रेसिंग पावसाळ्यात चिकटवू नका

नकाशा पूर्ण आकारात छापलेला आहे, प्लायचा साचा तयार आहे आणि पटाशीला नीट धार आहे, असं धरून चालतो. लाकूड म्हणाल तर टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, स्प्रूस, बाजूंना आणि पाठीला शिसवी. शिसवी पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात हिंडून निवडावी. फळीचं टोक बघा, रेषा उभ्या दिसल्या तरच घ्या. स्प्रूस बाहेरून मागवावं लागतं.

टॉपचे दोन भाग जोडा, रंध्याने २.८ मिमीपर्यंत आणा, मधलं भोक कापा. बाजूच्या पट्ट्या २ मिमी करून, पाणी मारत, गरम पाइपवर वाकवा. सुरुवात कमरेपासून. सगळे याच कामाला घाबरतात, पण दोन पट्ट्या वाया गेल्या की हात बसतो.

गिटार खरी बिघडते ती पुढच्या पायरीला. टॉपच्या आतून ज्या तिरक्या-आडव्या पट्ट्या चिकटवतात, ते ब्रेसिंग. माझ्या पहिल्या गिटारचं ब्रेसिंग मी श्रावणात केलं. बाहेर झड लागलेली, घरात निवांत वेळ. काम सुरेख झालं होतं. एप्रिलमध्ये एका रात्री खोलीत टक्‌ असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर. आत छोटा दिवा सोडला की टॉपवर उजेडाची सरळ रेघ उमटायची. चार महिन्यांचं काम होतं ते.

लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, मार्च-एप्रिलच्या दुपारी ती २०-२५ वर येते. पावसाळ्यात फुगलेला टॉप उन्हाळ्यात आकसायला बघतो, त्यावर आडवी चिकटलेली पट्टी त्याला आकसू देत नाही. मग टॉप फाटतो. थंड देशांतले व्हिडिओ पाहून ‘खोलीच्या तापमानाला चिकटवा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तापमान नव्हे, आर्द्रता बघायची. ती ४५ टक्क्यांच्या आसपास हवी.

त्यासाठी आर्द्रतामापक घ्या, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, मापकाशेजारी हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. काटा ७५ दाखवायला हवा. जितका फरक येईल तितका लक्षात ठेवा. माझा पहिला मापक ९ टक्क्यांनी चुकत होता.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सोयीचा वाटतो. तेव्हाही सकाळी हवा दमट असते, म्हणून मापक बघूनच काम सुरू करा. पावसाळ्यातच करणं भाग असेल, तर बंद कपाटात ४० वॅटचा जुना, तापणारा पिवळा बल्ब लावून टॉप आणि पट्ट्या आत ठेवा, बल्बपासून लांब. मापक आतच राहू द्या आणि बल्ब चालू-बंद करत ४५ सांभाळा. रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टॉपचं वजन करा. सलग तीन दिवस वजन हललं नाही की लाकूड तयार. दिवस मोजून ठरवू नका, वजनच खरं सांगतं.

पट्ट्यांची खालची बाजू २५ फूट त्रिज्येच्या हलक्या कमानीत घासा आणि टॉप त्याच कमानीच्या खोलगट पाटावर ठेवा. सपाट टॉपला आकसताना खाली बसायला जागाच उरत नाही, कमान असली की ती मिळते. दाब द्यायला महागडे क्लॅम्प नकोत. बुरूड आळीतून बांबूच्या कांबा आणा, पाटावरच्या पट्ट्या आणि वर पक्की बसवलेली फळी यांच्यामध्ये वाकवून अडकवा. गोंद पातळ लावा, कारण त्यातलं पाणीही टॉप फुगवतं. रात्रभर हात लावू नका. पाठीचं ब्रेसिंग आणि खोकं बंद करणंही त्याच आर्द्रतेत.

पुढे नेक बसवा. तारेची वाजणारी लांबी ६५० मिमी असेल तर पहिला फ्रेट ३६.४८ मिमीवर येतो, बाकीचे गणिताने काढा, डोळ्याने नव्हे. ब्रिज चिकटवा, पॉलिश करा, तारा चढवा. स्टीलच्या तारा मिळून सत्तरेक किलोची ओढ देतात, म्हणून एकदम पूर्ण सुरात ताणू नका, दोन दिवसांत हळूहळू चढवा. मार्च लागला की गिटार केसमध्ये ठेवा आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती शेजारी ठेवा. स्पंज दर चार दिवसांनी बघा.