रासायनिक समीकरण संतुलित कसं करावं

'इकडेतिकडे आकडे टाकून बघा, जमेल हळूहळू.' समीकरण संतुलित करण्याबद्दल, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करण्याबद्दल, सर्रास दिला जाणारा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. अंदाजाने लहान समीकरण सुटतं, पण तीन-चार मूलद्रव्यं आली की एक बाजू जुळवताना दुसरी बिघडते. ठरलेल्या क्रमाने गेलात तर अंदाज करावाच लागत नाही.

१. अभिक्रिया शब्दांत लिहा. अभिक्रियाकारकं (सुरुवातीचे पदार्थ) बाणाच्या डावीकडे, उत्पादितं (तयार होणारे पदार्थ) उजवीकडे:

इथेन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + पाणी

२. सूत्रं लिहा. संयुजा, म्हणजे मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता, पाहून प्रत्येक सूत्र पक्कं करा. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही मूलद्रव्यं एकटी असली की त्यांचे रेणू दोन अणूंचे असतात, हे विसरू नका.

सी₂एच₆ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

३. संतुलन. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला नियम, आणि याला अपवाद नाही: सूत्राच्या आतल्या, खाली लिहिलेल्या लहान आकड्याला हात लावायचा नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होतं तेव्हा डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू असतात, उजवीकडे एक. तिथे एच₂ओ चं एच₂ओ₂ करण्याचा मोह होतो. अणू जुळतात, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं! तुम्ही समीकरण संतुलित केलं नाही, पदार्थच बदललात. बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधीचा आकडा, म्हणजे सहगुणक. बरोबर उत्तर: २एच₂ + ओ₂ → २एच₂ओ.

दुसरा नियम क्रमाचा. प्रत्येक बाजूला एकाच पदार्थात असलेल्या मूलद्रव्यापासून सुरुवात करा, आणि एकटं असलेलं मूलद्रव्य शेवटी घ्या. शेवटी का? कारण त्याचा सहगुणक बदलला तरी दुसऱ्या कुणाचीच मोजणी बिघडत नाही. ऑक्सिजनपासून सुरुवात करायला सांगणाऱ्यांचं ज्वलनाच्या अभिक्रियेत तरी मुळीच ऐकू नका. तिथे तो दोन्ही उत्पादितांत वाटला गेलेला असतो.

आता इथेन घ्या. डावीकडे कार्बन २, म्हणून उजवीकडे २सीओ₂. डावीकडे हायड्रोजन ६, म्हणून ३एच₂ओ. मग उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: ४ आणि ३ मिळून ७. डावीकडे तो जोडीने येतो, म्हणजे साडेतीन रेणू लागतात. बरेच जण इथे घाबरून सगळं खोडतात. खोडू नका, साडेतीनच लिहा आणि मग सगळे सहगुणक दुप्पट करा. सगळे म्हणजे सगळे, ज्याच्या आधी काहीच लिहिलेलं नाही त्या इथेनचासुद्धा:

२सी₂एच₆ + ७ओ₂ → ४सीओ₂ + ६एच₂ओ

कार्बन ४-४, हायड्रोजन १२-१२, ऑक्सिजन १४-१४. ही मोजणी प्रत्येक वेळी कागदावर करा, मनातल्या मनात नको.

सल्फेट, नायट्रेट यांसारखा गट दोन्ही बाजूंना जसाच्या तसा राहत असेल तर तो फोडू नका, अख्खा मोजा. ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे एएल₂(एसओ₄)₃ मध्ये सल्फेट तीन, एवढं पुरतं. तो गट फुटत असेल तर मात्र अणू सुटे मोजावे लागतात, आणि तेव्हा कंसाबाहेरचा ३ आतल्या प्रत्येक अणूला लागतो: गंधक ३, ऑक्सिजन १२. कंसाची ही मोजणी मी आजही दोनदा तपासते.

४. सहगुणकांना सामाईक विभाजक असेल तर भागून टाका.

५. अवस्था लिहा. स्थायू, द्रव, वायू की जलीय (पाण्यात विरघळलेला). उष्णता किंवा उत्प्रेरक लागत असेल तर बाणावर.

आणि एक गोष्ट निक्षून सांगते. अणू जुळले म्हणजे अभिक्रिया होतेच असं नाही. तांबं आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन, हे समीकरण कागदावर सुरेख संतुलित होतं. प्रत्यक्षात तांबं हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील असल्याने त्याला त्या आम्लातून बाहेर काढू शकत नाही. म्हणून धातू आणि आम्ल दिसले की सहगुणकांकडे वळण्याआधी क्रियाशीलता श्रेणी, म्हणजे धातूंची क्रियाशीलतेच्या क्रमाने लावलेली यादी, बघा.