उतरत्या बाजारात फ्लॅट विकावा की ठेवावा?

घरांचे भाव उतरू लागले की पुण्या-मुंबईतील फ्लॅटधारक आधी चौकशी करतो ती गेल्या वर्षी शेजारचा फ्लॅट केवढ्याला गेला याची. निर्णयासाठी ती फारशी कामाची नाही. विक्रीच्या पैशाचे पुढे काय करायचे, हे आधी ठरवावे. समजा, आपला फ्लॅट 80 लाखांचा, हवे असलेले मोठे घर दीड कोटीचे आणि दोन्ही 10 टक्क्यांनी उतरले. तर आपल्याला 8 लाख कमी मिळतात, पण नव्या घराला 15 लाख कमी लागतात आणि पदरची भर 70 लाखांवरून 63 लाखांवर येते. लहान घरात जाणाऱ्याचे किंवा कायमचे गावी परतणाऱ्याचे गणित नेमके उलटे असते. त्याने घाई करू नये.

जाहिरातींतील आकडे ही विकणाऱ्यांची अपेक्षा असते. खरा व्यवहार पाहण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या परिसरातील अलीकडचे ‘इंडेक्स टू’ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढावेत. त्यांत मोबदला (प्रत्यक्ष ठरलेली किंमत) आणि सरकारी दराने काढलेला ‘बाजारभाव’ दोन्ही नोंदलेले असतात.

बहुतेकांना ठेच लागते ती रेडी रेकनरची, कारण बाजार उतरला तरी हे सरकारी दर त्याच वेगाने उतरत नाहीत. वरील उदाहरणातलाच फ्लॅट 72 लाखांना ठरला आणि रेकनरप्रमाणे त्याची किंमत 80 लाख निघाली, तर मुद्रांक शुल्क 80 लाखांवर लागते. शिवाय फरक ठरलेल्या किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक असल्याने आयकरासाठी विक्रीही 80 लाखांचीच धरली जाते आणि वरचे 8 लाख खरेदीदाराचे उत्पन्न मानले जाऊ शकतात. अशा वेळी आयकर विभागाकडे स्वतंत्र मूल्यांकनाची मागणी करता येते, परंतु हे सारे ऐकून गिऱ्हाईक बिचकते, हेही लक्षात घ्यावे.

थांबायचे असल्यास हप्त्यातील व्याज, सोसायटीचा देखभाल खर्च व घरपट्टी यांच्या बेरजेतून भाडे वजा करावे. उरलेली रक्कम ही थांबण्याची वार्षिक किंमत. ती दोन-तीन वर्षे सहज पेलत असेल तरच थांबावे. तोट्यात विकल्यास, घर 24 महिन्यांहून अधिक काळ आपल्याकडे असेल तर तो तोटा केवळ दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होतो आणि त्यासाठी 8 वर्षे पुढे नेता येतो.

कर्ज शिल्लक असेल तर इसार घेण्यापूर्वी बँकेकडून येणे बाकीचे पत्र घ्यावे, कारण ती बाकी विक्रीच्या रकमेहून जास्त निघाली तर फरक स्वतः भरल्याशिवाय बँक मूळ कागदपत्रे सोडणार नाही.